खोल्यांमध्ये राहणारे इंजिनिअर

तुझी आई काल फोनवर सांगत होती, “दादा, हा म्हणतोय कॉलेजला जाणारच नाही. आपल्या खोल्यांमधले इंजिनिअर बघून डोक्यात घेतलंय यानं.” मी तिला म्हटलं, डोक्यात काही घेतलंय हेच बरं. नाहीतर दहावी झालेली पोरं शेजारचा जिकडं जाईल तिकडं जातात आणि चार वर्षांनी विचारतात, आपण इकडं कसे आलो? म्हणून हे तुझ्यासाठी लिहितोय. दाजींनाही वाचायला दे. त्यांच्यासाठीही यात आहे, जरा बोचणारं.

तू पाहिलंस ते खरं आहे. चाकणजवळच्या खराबवाडीत तुम्ही भाड्यानं दिलेल्या चाळीत एका खोलीत चौघं कॉट बेसिसवर राहतात. लातूर, परभणी, बीडकडची पोरं. त्यातले दोघं बी.ई. झालेले. सकाळी सहाला चौकात कंपनीच्या बसची वाट बघत उभे असतात. महिन्याला हातात पडतात अठरा-वीस हजार, त्यात खोलीभाडं, मेस आणि गावाकडं पाठवायचे. पलीकडच्या खोलीतला आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन मेंटेनन्सला आहे, त्याचा पगार या दोघांपेक्षा जास्त. तू हिशेब मांडलास: चार वर्षं आणि पाच-सहा लाख पाण्यात.

पण तुझ्या बघण्यातून एक गोष्ट सुटली. ज्या इंजिनिअरचं बरं चाललंय तो तुमच्या खोलीत राहतच नाही. आला तरी दोन वर्षांत मोशीला, रावेतला नाहीतर वाकडला फ्लॅट बघतो. तुमच्याकडं राहतात ते नुकते आलेले आणि अडकून पडलेले. आयटीआयवाल्यांचंही तसंच. ज्याचं जमलं नाही तो गावी परत गेला, म्हणून तुला दिसत नाही. दिसतो तो टिकलेला. तेव्हा चाळीवरून तुला शिक्षणाचा निकाल कळणार नाही. तिथं दिसतात ती शिक्षणानंतरची पहिली दोन-तीन वर्षं, आणि ती सगळ्यांचीच वाईट असतात.

तू मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या आकड्याचंही तेच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४च्या भारतावरच्या अहवालात तो आहे, खोटा नाही: पदवीधर तरुणांमध्ये बेरोजगारी २९.१ टक्के, लिहिता-वाचता न येणाऱ्यांमध्ये ३.४ टक्के. आता यावरून न शिकणं बरं असं काढायचं का? ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याला घरी बसून नोकरी शोधणं परवडत नाही. तो दुसऱ्या दिवशी चाकणच्या कांद्याच्या बाजारात पोतं उचलायला जातो आणि ‘रोजगार आहे’ या रकान्यात बसतो. पदवीधर बसून राहतो, कारण त्याच्या घरचे अजून खायला घालतायत आणि हमाली करायची त्याला लाज वाटते. म्हणजे त्या आकड्यात दोन गोष्टी आहेत. पदवीला काम मिळत नाही हे एक. आणि पदवी घेतल्यावर हातानं करायची कामं माणसाला नकोशी होतात हे दुसरं. दुसऱ्या गोष्टीवर तुझा ताबा आहे.

कॉलेज परवडतं का, हा प्रश्न आपल्या पट्ट्यात अख्खा विचारायचाच नसतो. कोणतं शिक्षण, कितव्या वर्षी, कुणाच्या पैशानं, आणि मध्येच सोडावं लागलं तर हातात काय उरतं, असं तोडून विचारायचं. माझं म्हणणं एवढंच की शिक्षण टप्प्याटप्प्यानं विकत घे, आणि प्रत्येक टप्पा असा निवड की तिथंच थांबलास तरी पोट भरेल.

कागद-पेन घे. दहावीनंतर अकरावी-बारावी दोन वर्षं, मग इंजिनिअरिंग चार. झाली सहा. दुसरा रस्ता: दहावीनंतर तंत्रनिकेतनात डिप्लोमा तीन वर्षं, मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, तिथं तीन. तीही सहाच. तिसरा रस्ता: दोन वर्षांचा आयटीआय, तिथून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला, तिथं दोन, पुढं पदवीची तीन. झाली सात. पहिल्या रस्त्यात मध्येच गाडी बंद पडली तर तुझ्याकडं बारावी सायन्सचं मार्कशीट असतं, आणि ते घेऊन महाळुंग्याच्या कुठल्याही कंपनीच्या गेटवर उभा राहिलास तर हेल्पर म्हणूनच आत घेतील. दुसऱ्या रस्त्यात एकोणिसाव्या वर्षी डिप्लोमा हातात असतो. तिसऱ्यात अठराव्या वर्षी ट्रेड असतो, विसाव्या वर्षी डिप्लोमा असतो, आणि पदवी घ्यायची की नाही हे तू स्वतःच्या कमाईकडं बघून ठरवतोस. एका वर्षाच्या बदल्यात दोन वेळा उतरायची सोय मिळते. शिवाय अकरावी-बारावीच्या क्लासचे लाख-दीड लाख वाचतात, ते दाजींना कुणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्याचाच क्लास असतो.

यातली अडचणही सांगतो. थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्या डिप्लोमाच्या पोरांना गणित जड जातं. बारावीवाली पोरं इंटिग्रेशन घोटून आलेली असतात, यांना पहिल्या सहामाहीत काही उमगत नाही, काही जण तिथंच एटीकेटीत अडकतात. जागाही डिप्लोमाच्या टक्क्यांवर मिळतात, म्हणजे तीन वर्षं झोपा काढून चालत नाही. आणि तुला खरोखर गणित-भौतिकशास्त्र आवडत असेल, कोडं सुटेपर्यंत जेवायचं विसरत असशील, तर हे सगळं बाजूला ठेव आणि सरळ बारावी कर. सीओईपीसारख्या ठिकाणी सीईटीच्या मार्कांवर शिरणाऱ्याला कुणी खर्चाचा हिशेब विचारू नये. पण तुझं दहावीचं गणित मी पाहिलंय. तू त्यातला नाहीस, आणि त्यात कमीपणा काही नाही. तू आमच्या मिक्सरची मोटार उघडून परत बसवलीस तेव्हा मी बघत होतो. उरलेला एक स्क्रू तू लपवलास, तेही बघितलं.

सीओईपीचं नाव निघालं म्हणून सांगतो. ते सुरू झालं १८५४ साली, पुण्यात, सरकारच्या बांधकाम खात्याला हाताखालची माणसं हवी होती म्हणून. साहेब घडवायला नव्हे. आज ज्या नावाला लोक नमस्कार करतात त्याची सुरुवात हाताखालच्या कामातून झाली. आपल्याकडं टेल्कोचंही, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचंही, असंच. सुमंत मूळगावकरांनी १९६६च्या सुमाराला पिंपरीला काम सुरू केलं ते गाडीपासून नाही. आधी यंत्रं बनवणारा विभाग आणि पोरांना शिकवणारा प्रशिक्षण विभाग उभा केला. पुण्यातून पहिली गाडी बाहेर पडली ती १९७७ साली. आमच्या वेळचे जुने टूलरूमवाले सांगायचे, तिथं पहिले काही महिने नुसती फाइल घासायला लावायचे. लोखंडाचा चौकोन काटकोनात येईपर्यंत. त्या शाळेतून निघालेल्या माणसांनी पुढं भोसरीत स्वतःची वर्कशॉपं टाकली. टेल्को रोडच्या आतल्या गल्ल्यांमध्ये गेलास तर अजून भेटतील, पंचाहत्तरीचे, मायक्रोमीटर खिशात घालून फिरणारे.

आता पैसे. दाजी म्हणतात, कर्ज मिळतं, काळजी कशाला. मिळतं. साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज तारण न ठेवता मिळू शकतं. पण त्याचं गणित बँकेतला माणूस उभ्या उभ्या सांगतो, ते बसून करायचं असतं. धर, खासगी कॉलेजची फी, प्रवास, पुस्तकं मिळून वर्षाला दीड लाख. चार वर्षांचे सहा लाख. व्याज दहा टक्के. शिकत असताना आणि नंतरच्या एका वर्षात हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं. सरळव्याजानं काढलं तरी पाच वर्षांत दोन लाख दहा हजार चढतात. म्हणजे पहिला हप्ता भरायला बसशील तेव्हा डोक्यावर आठ लाख दहा हजार. सात वर्षांत फेडायचे तर महिन्याला साडेतेरा हजारांच्या आसपास. आता तुमच्या खोलीतल्या त्या दोघांचा पगार आठव. अठरातून साडेतेरा गेले तर उरलेल्या साडेचारात चाकणला कॉट आणि मेससुद्धा नीट भागत नाही. म्हणून तर ते चौघांत राहतात.

यावरून माझा एक ढोबळ नियम आहे: शिकून बाहेर पडल्यावर पहिल्या वर्षी जो पगार नक्की मिळेल, म्हणजे कॉलेज सांगतं तो नव्हे, त्या कॉलेजातून गेल्या वर्षी बाहेर पडलेली पोरं तोंडानं सांगतात तो, त्याच्या चौथ्या हिश्श्याहून हप्ता मोठा होणार असेल तर ते कॉलेज आपल्याला महाग. मग ते कितीही नावाजलेलं असो.

सरकारी तंत्रनिकेतनाची वर्षाची फी अजूनही हजारांत मोजावी लागते, लाखात नाही. पुण्याचं शासकीय तंत्रनिकेतन तुला माहीत आहे. पण सगळ्यांनी पुण्याकडंच तोंड करून का बसायचं? मंचरजवळ अवसरी खुर्दला शासकीय तंत्रनिकेतन आहे, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे, आणि नाशिक रस्त्यानं जायला खेडवाल्या पोराला पुण्यापेक्षा ते काही फार लांब नाही. पुण्याकडच्या गर्दीच्या उलट दिशेनं गाडी पळते, हा फायदा वेगळाच. आयटीआय म्हणशील तर औंधचं सरकारी आहे, मोरवाडीचं पिंपरी-चिंचवड महापालिकेचं आहे. दोन्हीकडं फी नावालाच.

आणि दाजी, हे तुमच्यासाठी. मॅनेजमेंट कोट्यातून सीट घेऊन टाकू, असं तुम्ही सोसायटीच्या पारावर बोललात असं कानावर आलं. संस्थास्तरावरची जागा घेतली की सरकारी फीसवलतीचा दरवाजा बंद होतो. सवलत असते ती कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशातून आलेल्याला. पावतीशिवाय कुणी वर काही मागितलं तर तो १९८७च्या कॅपिटेशन फी बंदीच्या कायद्यानं गुन्हा आहे. आणि प्रत्येक खासगी कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते. ती कागदावर उतरवून घेऊन जा, मग समोरचा कसा बोलतो ते बघा. एमआयडीसीत गेलेल्या रानाचे पैसे आले तेव्हा गावात कुणी कुणी कशाकशात घातले ते आपण दोघांनी पाहिलंय. त्या पैशातला एक हप्ता पोराच्या नावापुढं ‘इंजि.’ लावायला घालवू नका.

तुझ्या आईला मात्र एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. हेच सगळं गणित धाकटीसाठी उलटं होतं. जुलै २०२४च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, कॅपमधून प्रवेश घेतला तर. याच घरातल्या मुलाला निम्मं शिक्षण शुल्क माफ होतं. म्हणजे तिला जमेल तेवढं शिकू द्या, तिच्यासाठी पदवी स्वस्त आहे. भाऊ शिकतोय म्हणून तिचं थांबवायचं, ही आपल्या घराण्याची जुनी सवय आहे. तुझी आई हुशार असून बारावीला थांबली ती त्या सवयीनंच. या वेळी तर पैशाचंही निमित्त नाही.

कॉलेज किंवा आयटीआय निवडताना इमारत बघू नकोस. इमारती सगळ्यांच्याच काचेच्या झाल्यात. सरळ वर्कशॉपमध्ये जा. लेथच्या खालच्या ट्रेमध्ये चिप्स पडलेल्या आहेत का बघ. मशीनला तेल लागलेलं आहे की नुसता रंग चकचकतोय? व्हर्निअर कपाटात कुलपात आहेत की पोरांच्या हातात? शिक्षकाला विचार, मागच्या आठवड्यात कोणता जॉब करून घेतला. लगेच सांगितलं तर ठीक. ‘सिलॅबसनुसार चालू आहे’ असं म्हणाला तर नमस्कार करून बाहेर पड. पदवीच्या कॉलेजात एनबीएचं मानांकन त्या शाखेला आहे का ते विचार; ते कॉलेजला नाही, शाखेला मिळतं, आणि जाहिरातीत ते सगळ्या कॉलेजवर पसरवून लावलेलं असतं. प्लेसमेंटच्या फलकावरचा सगळ्यात मोठा पगार वाचायचाच नाही. तो एकाचा असतो. कॉलेज सुटायच्या वेळी गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर शेवटच्या वर्षाच्या पोरांना विचार, तुमच्यातल्या कितीजणांच्या हातात पत्र आहे. टपरीवर कुणी खोटं बोलत नाही, बोललं तरी शेजारचा हसतो.

शाखेबद्दल. सध्या सगळ्यांना कॉम्प्युटर पाहिजे. मेकॅनिकलच्या जागा रिकाम्या राहतात आणि कॉम्प्युटरला रांग. गंमत म्हणजे ही रांग लागते तीही अशा गावात, जिथं खिडकीतून फोक्सवॅगन, महिंद्रा, बजाज, मर्सिडीज दिसतात. मी कॉम्प्युटरच्या विरोधात नाही, पण तुझ्या हाताला जे कळतं त्याला इथं पन्नास किलोमीटरच्या आत गिऱ्हाईक आहे. फक्त नुसता फिटर, नुसता टर्नर असं आता धरू नकोस. बॅटरीवरच्या गाडीला इंजिन नाही, तसा गिअरबॉक्स नाही, सायलेन्सर नाही. जे व्हेंडर पिस्टन, व्हॉल्व्ह, एक्झॉस्टचे पार्ट करत आले त्यांच्याकडं दहा वर्षांनी किती काम असेल याचा विचार त्यांच्यापेक्षा तू आधी कर. इलेक्ट्रिशियन, मेकॅट्रॉनिक्स, टूल अँड डाय, मेंटेनन्स. गाडी कशावरही चालो, रोबो बंद पडला की लाइन थांबते आणि पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा कंट्रोलर, वाचता येणाऱ्याला शोधत माणसं धावतात. मर्सिडीजनं पुण्याच्या शासकीय तंत्रनिकेतनाबरोबर २००२ साली ऑटोमोटिव्ह मेकॅट्रॉनिक्सचा अभ्यासक्रम काढला तेव्हा आम्ही त्या शब्दाला हसलो होतो. आता चाकणमध्ये तोच शब्द गेटवरच्या जाहिरातीत असतो.

यापुढचं नीट वाच, कारण पोरं फसतात ती इथंच. आयटीआय किंवा डिप्लोमा झाल्यावर अप्रेंटिसशिप करायची, आणि ती खरी करायची. अप्रेंटिस कायदा १९६१चा आहे. त्याखाली अप्रेंटिस म्हणून लागलास तर सरकारी पोर्टलवर तुझा करार नोंदला जातो, त्याला नंबर असतो, त्यावर कंपनीचं नाव असतं, स्टायपेंड बँकेत येतो. आयटीआयनंतरची मुदत पुरी झाली की परीक्षा होऊन राष्ट्रीय अप्रेंटिस प्रमाणपत्र मिळतं. ते रेल्वेत चालतं, देहूरोड-खडकीच्या संरक्षण उत्पादनाच्या सरकारी कारखान्यांच्या भरतीत चालतं. २०१९च्या नियमांत किमान स्टायपेंड आयटीआयवाल्याला ७,०००, डिप्लोमावाल्याला ८,००० आणि पदवीवाल्याला ९,००० असा धरला होता. चालू दर पोर्टलवर बघून घे, पण हा फरक लक्षात ठेव. आयटीआय आणि पदवी यांच्यामध्ये सरकारनं दोन हजार रुपये ठेवले होते. गेटवर फरक तेवढाच असतो.

आणि दुसरी गोष्ट असते तिलाही लोक ‘ट्रेनी’च म्हणतात. ठेकेदार तुला घेतो, गळ्यात कंपनीसारखंच ओळखपत्र घालतो, लाइनवर उभं करतो. काम लाइनचंच, शिकवणारं कुणी नाही, सात-आठ महिन्यांनी ब्रेक. तो ब्रेक का असतो ते ठाऊक असू दे: वर्षात २४० दिवस काम भरलं की कायद्यानं काही हक्क लागू होतात, म्हणून २४० भरायच्या आत घरी पाठवायचं. मध्यंतरी ‘नीम’ नावाच्या योजनेखाली हे सर्रास चालायचं. योजना गेली, सवय राहिली. तेव्हा सही करण्याआधी तीन प्रश्न विचार. करारावर नाव कुणाचं, कंपनीचं की ठेकेदाराचं? पोर्टलवरचा नंबर काय? पीएफ कापणार का? कायद्यातल्या अप्रेंटिसला पीएफ लागू नसतो. कापणार असतील तर तू कामगार आहेस, मग कामगाराचा पगार माग, पीएफचा यूएएन नंबर घे आणि दर महिन्याला मोबाइलवर बघ की पैसे खरंच भरले जातायत. ‘शिकाऊ’ म्हणायचं आणि कामगारासारखं राबवायचं, अशा दोन्ही डगरींवर कुणाला पाय ठेवू देऊ नकोस. आणि अप्रेंटिसशिप संपल्यावर घ्यायलाच हवं असं कंपनीवर बंधन नाही, हेही आधीच मनात ठेव, म्हणजे शेवटच्या दिवशी रडू येणार नाही.

अप्रेंटिस असताना काय करायचं, तर ड्रॉइंग वाचायला शिक. नुसतं माप नाही. टॉलरन्स, डेटम, जीडी अँड टीची चिन्हं. आमच्या टूलरूममध्ये वीस वर्षं मशीन चालवलेली माणसं होती, हात सोन्याचा, पण ड्रॉइंग दुसऱ्याकडून समजून घ्यायची. त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं त्यांच्यावर सुपरवायझर झाली. ऑपरेटर बटण दाबतो, सेटर मशीन लावतो, प्रोग्रॅमर मशीनला काय करायचं ते सांगतो; तिघं एकाच सीएनसीपुढं उभे असतात आणि पगार वेगळा असतो. एकापासून दुसऱ्यापर्यंत जायला डिग्री लागत नाही. संध्याकाळी थांबायची तयारी लागते आणि सेटरला चहा पाजावा लागतो.

मग डिग्री कशाला, असं तू म्हणशील. सांगतो. आयटीआयवाला चांगला असेल तर पहिली आठ-दहा वर्षं तो साध्या इंजिनिअरच्या बरोबरीनं किंवा पुढं राहतो. त्यानंतर रस्ता अरुंद होतो. लाइन लीडर, फार तर सुपरवायझर. ‘वर्कर’ आणि ‘स्टाफ’ अशी एक रेघ प्रत्येक कारखान्यात असते. कँटीनच्या टेबलांवरून पूर्वी दिसायची, आता पगाराच्या ग्रेडमध्ये दिसते. ती ओलांडायला बहुतेक ठिकाणी कागद मागतात. डिझाइनला, संशोधन विभागात, टेल्कोच्या पिंपरीतल्या ईआरसीत किंवा वाहनांवर संशोधन करणाऱ्या एआरएआयसारख्या संस्थेत इंजिनिअर म्हणून जायचं तर बहुतेक जागांना पदवी मागतात. परदेशी बदलीलाही तेच. आणि पंचेचाळिशीत गुडघे कुरकुरायला लागले की नाइट शिफ्टला उभं राहणं किती जड जातं, ते आत्ता सोळाव्या वर्षी तुला सांगून कळणार नाही. तेव्हा डिग्री नको असं मी म्हणत नाही. ती कधी आणि कुणाच्या पैशानं घ्यायची, एवढंच म्हणतो.

आमच्या वेळी त्याला एएमआयईचा रस्ता होता. दिवसा शॉप फ्लोअर, रात्री पेपरांचा अभ्यास. कित्येक फोरमन असे इंजिनिअर झाले. मे २०१३नंतर नोंदणी केलेल्यांची एएमआयई पदवीच्या बरोबरीची धरत नाहीत, म्हणजे तो रस्ता मिटला. पण त्याच्या जागी दुसरा आलाय. एआयसीटीईनं २०२३पासून नोकरी करणाऱ्या डिप्लोमाधारकांसाठी काही कॉलेजांत पदवीचे वेगळे वर्ग सुरू करायला परवानगी दिली. किमान वर्षभराचा अनुभव लागतो, नोकरी कॉलेजच्या ठरावीक परिघात लागते, आणि तासांच्या वेळा नोकरीच्या सोयीनं. पिंपरी-चिंचवडच्या पोराला याहून सोयीचं काय असणार? तुझा डिप्लोमा होईल, एखाद्या कंपनीत दोन वर्षं जातील, तोवर हे वर्ग कुठं कुठं नीट चालतात ते कळलेलं असेल. फी तुझ्या पगारातून जाईल. स्वतःच्या पगारातून फी भरणारा माणूस लेक्चर बुडवत नाही, हा मी पाहिलेला नियम आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ काढलं ते गरिबीवरचा उपाय म्हणून, पण ते श्रीमंताच्या पोरालाही तितकंच लागू पडतं. तुम्ही काही श्रीमंत नाही. भाडं येतं, एवढंच.

त्या भाड्याचंही बोलू. तू म्हणालास, खोल्या आहेत, उद्या दोन वाढवू, मित्राबरोबर लेबरचा ठेका घेऊ, स्क्रॅपचं बघू. २०२०चा मे महिना तुला आठवत असेल, दहा-अकरा वर्षांचा होतास. पोरं चालत, ट्रकमध्ये बसून गावाकडं गेली आणि अख्ख्या मेदनकरवाडी-नाणेकरवाडीत खोल्यांना कुलपं लागली. दाजींनी त्या वर्षी कसं काढलं ते आईला विचार. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तळेगावला जनरल मोटर्सनं गाड्या बनवणं बंद केलं. हजारावर परमनंट कामगार, आयुष्याची निश्चिंती झाली असं समजलेले. पुढं २०२३मध्ये ह्युंदाईनं तो कारखाना घ्यायचा करार केला, पण मधल्या काळात ज्याच्या हातात ट्रेड होता तो दुसरीकडं लागला आणि ज्याच्याकडं नुसतं परमनंटचं पत्र होतं तो युनियनच्या मांडवात बसला. तुमच्या खोल्या अशा कामगारांवरच चालतात. कारखाना थांबला की भाडं थांबतं, आणि कारखाना कधी थांबेल हे घरमालकाला सगळ्यात शेवटी कळतं.

ठेक्याचं सांगायचं तर, गावच्या दमावर कंपनीच्या गेटवर जाऊन ठेका मागणारे तू पाहतोस, त्यांच्या गाड्याही पाहतोस. त्यातल्या कितीजणांवर केसेस आहेत तेही पाहा. धंदा कर, मी नाही म्हणणार नाही. पण असा कर की ज्यात समोरच्याला तुझी गरज आहे, भीती नाही. पाच वर्षं टूलरूम शिकून भोसरीत एक जुनं व्हीएमसी मशीन टाकलंस तर व्हेंडर स्वतः ड्रॉइंग घेऊन दारात येईल.

आता कामाचं. प्रवेशाच्या तारखा निघायच्या आत कागद गोळा कर, नंतर खेडच्या तहसीलला रांग असते. शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, आणि उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा. दाजींना सांग, उत्पन्नात खोल्यांचं भाडं लपवू नका, पुढं पडताळणीत निघालं तर पोराची सवलत जाईल. आधार बँकेला जोडलेलं आहे का तेही बघ, महाडीबीटीचे, म्हणजे फीसवलतीचे पैसे त्यावाचून येत नाहीत. आयटीआय आणि डिप्लोमा, दोन्हींचे अर्ज भर. फी थोडीच असते. डिप्लोमात पहिली पसंती अवसरी, मग पुणे. खासगीतलं शेवटी आणि वर्कशॉप बघून आल्यावरच. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन, नाही मिळाला तर मशिनिस्ट. वेल्डर एका वर्षाचा आहे, त्यावर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येत नाही, म्हणून तो पसंतीत टाकू नकोस.

रविवारी माझ्याकडं निगडीच्या यमुनानगरला ये. येताना तुमच्या खोलीतल्या त्या दोन बी.ई. पोरांपैकी ज्याला सुट्टी असेल त्याला घेऊन ये. मला त्याला विचारायचंय तो कुठल्या लाइनवर आहे. ओळखीच्या एका वर्कशॉपला ड्रॉइंग वाचणारा माणूस हवाय.